खडकाळ रानांतील दोन दिवस

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे शहरांतील कुटुंबांना चार घटका मोकळ्या रानांत जाऊन राहण्याची ओढ लागते. पूर्वीं ही ओढ वनभोजनानें भागे, यात्राजत्रांनीं भागे. अलीकडे तींत एका नव्या हौसेची भर पडली आहे. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते अशा गाड्या मध्यम स्थितींतील घरांतही दिसूं लागल्यापासून, जेथें सडक संपते तेथून पुढें गाडी नेण्याची, दगडधोंड्यांवरून ती सावकाश चढविण्याची व रात्रीं रानांतच तंबू ठोकून राहण्याची चाल तरुण मंडळींत पडत चालली आहे. या खेळास 'रॉक क्रॉलिंग' असें नांव आहे; खडकावरून रांगणें हा त्याचा सरळ अर्थ. नांव मोठें बोलकें आहे. रांगणारें मूल पुढचा हात नीट टेकल्यावांचून मागचा गुडघा उचलीत नाहीं. गाडीनेंही तसेंच चालावयाचें असतें. ज्याला वेगाची हौस असेल त्याचें हें काम नव्हे.

या खेळाचा इतिहास फार जुना नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं १९४१ पासून जीपगाड्या मोठ्या संख्येनें तयार झाल्या, आणि युद्ध संपल्यावर त्या शेतकऱ्यांच्या व शिकाऱ्यांच्या हातीं आल्या. कॅलिफोर्नियांतील जॉर्जटाउन गांवच्या मंडळींनीं १९५३ सालीं ५५ जीपगाड्यांचा तांडा रुबिकन नांवाच्या अत्यंत खडकाळ वाटेनें सिएरा नेवाडा पर्वतापार नेला. सामुदायिक सहलीची प्रथा त्यानंतर रूढ झाली. हिंदुस्थानांत स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. आणि गोव्यांत २०१४ सालीं 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही भर पावसांतील शर्यत सुरू झाली. परंतु शर्यत वेगळी आणि सहल वेगळी. शर्यतींत गाडी मोडली तरी माणसें उचलून नेण्याची व्यवस्था आयोजकांनीं केलेली असते. सहलींत ती व्यवस्था ज्याची त्यानेंच करावयाची असते, आणि म्हणूनच तिची आंखणी घरीं बसून, कागदपेन्सिल घेऊन करावी लागते.

परभणी जिल्हा म्हटला म्हणजे गोदावरीकांठची सपाट काळी जमीन डोळ्यांपुढें येते. येथें खडक कोठून आले, अशी शंका पुष्कळांना येईल. पण जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूर तालुक्यांत गेलें कीं देखावा पालटतो. अजिंठ्याच्या डोंगरांचा पूर्वेकडे उतरत आलेला फांटा येथें लागतो. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडींत जैन लेणीं आहेत, आणि पलीकडे पूर्णा नदीवर १९६८ सालीं पुरें झालेलें येलदरीचें धरण आहे. या बाजूच्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतील तप्त रस थरावर थर असा पसरला व थिजला. त्यांपैकीं कठीण थर टिकले, मऊ थर झिजले, म्हणून ही पायऱ्यांची ठेवण झाली. या खडकास भूगर्भशास्त्रांत 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

गाडी हांकणाऱ्याच्या दृष्टीनें या भूमीचीं तीन रूपें आहेत. पहिलें काळ्या कातळाचें. तो कोरडा असतां टायरला उत्तम पकड देतो, पण त्याची कड भिंतीसारखी उभी असते. दुसरें मुरमाचें. मुरूम चाकाखालून सरकतो, आणि त्यांत रुतलेले वाटोळे गोटे मोकळे होऊन घरंगळतात. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें खडकाच्या कडा झडून हे गोटे बनलेले असतात. दिसावयास भक्कम, पण भार पडतांच फिरणारे. तिसरें रूप काळ्या मातीचें. ती कोरडी असतां भेगाळते, आणि भिजली म्हणजे टायरच्या खांचा भरून चाक तुळतुळीत करून सोडते. एका रात्रींत पाव इंच पाऊस झाला तर काल सहज ओलांडलेली नाळ आज गाडीला बाहेर पडूं देत नाहीं. म्हणून सहलीचा काळ ठरवितांना पावसाळा व त्यानंतरचा महिना वर्ज्य समजावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हां तेही महिने नकोत. डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. मात्र त्या दिवसांत परभणीची थंडी साधी समजूं नये. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेंत पारा ५ अंशांखालीं उतरल्याच्या नोंदी आहेत. घोंगडीवांचून रानांत झोपणारा सकाळीं आजारी उठेल.

काळ ठरल्यावर जागा. रान मोकळें दिसलें म्हणजे तें कोणाचें नाहीं असें नव्हे. डोंगराचा पुष्कळ भाग वनखात्याकडे असतो, आणि १९२७ च्या वनकायद्याप्रमाणें राखीव वनांत परवानगीवांचून शिरणें व विस्तव पेटविणें हा गुन्हा आहे. धरणाचें पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी सपाटी गाडीला मोठी मोहक वाटते. पण ती गाळपेराची जमीन असते. तेथें कोणी तरी हरभरा पेरलेला असतो, आणि वरचा पापुद्रा वाळला तरी खालीं गाळ ओला असतो. नेमगिरीसारखें क्षेत्र तर पायीं पाहण्याचेंच स्थान आहे. उरतात ते खासगी मालकीचे मुरमाड माळ व पडीक टेकाडें. त्यांच्या मालकाकडे सहलीच्या आठपंधरा दिवस आधीं दोघांनीं जाऊन बोलणें करावें. "दादा, आम्ही दहाबारा जण, चार गाड्या, एक रात्र राहूं, पीक कोठें आहे तेवढें दाखवा," असें सरळ विचारलें तर सहसा नकार मिळत नाहीं. त्याच फेरींत वाट पायीं चालून पाहावी. ज्या उतारावरून गाडी खालीं जाणार, तो उतार परत चढतां येईल काय, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणीं विचारावा. उत्तर नकारार्थी आलें तर दुसरी सोपी वाट सांपडल्यावांचून तेथें उतरूंच नये.

गाड्या किती असाव्या? एकट्या गाडीनें जाणें सर्वथा अयोग्य. दोन गाड्यांत एक अडकली तर दुसरी ओढूं शकते. पण दुसरीही अडकली तर सर्वच खुंटतें. म्हणून तीन ही किमान संख्या, आणि पांचांहून अधिक झाल्या तर प्रत्येक चढावर तासन्‌तास खोळंबा होतो. तांड्याची शक्ति सर्वांत दांडग्या गाडीवरून मोजूं नये. सर्वांत बुटकी गाडी व सर्वांत नवशिका चालक यांना झेपेल तीच वाट निवडावी. येथें थोडें गणित उपयोगी पडतें. २०२० सालीं निघालेल्या 'थार' गाडीच्या पोटाखालीं २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे. तिचें पुढचें तोंड ४१.८ अंशांच्या चढाला न आपटतां लागूं शकतें, आणि मागची बाजू ३६.८ अंशांच्या उताराला. परंतु दोन चाकांमधील पोटाचा कोन अवघा २७ अंशांचा आहे. म्हणजे गाडी चढावर सुखरूप चढेल आणि माथ्यावर येऊन पोटावर बसेल. नवशिक्याची नजर नेहमीं समोरच्या बंपरवर असते. घात पोटापाशीं होतो.

आतां गाडी रांगते कशी तें पाहूं. अशा गाडींत नेहमींच्या गिअरशिवाय एक 'लो' दांडा असतो. समजा, पहिल्या गिअरचें प्रमाण ४, 'लो' चें अडीच आणि आंसाचें ४ आहे. यांचा गुणाकार ४०. म्हणजे इंजिन चाळीस वेळां फिरेल तेव्हां चाक एकदां फिरेल. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर चाक २० फेरे घेतें, आणि गाडी मिनिटाला सुमारें ४७ मीटर, म्हणजे तासाला तीन किलोमीटरांहूनही कमी चालते. माणूस याहून जलद चालतो. या मंदपणांतच बळ आहे. वेग जितका घटला तितका जोर वाढला. टायरची हवा ३२ पौंडांवरून १८-२० पौंडांवर आणली म्हणजे टायर खडकाला पायाच्या तळव्याप्रमाणें चिकटून बसतो. पण परत डांबरी सडकेवर येतांच हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीं तर वेगांत टायर तापून फुटतो. तेव्हां हवा भरण्याचा पंप विसरल्यास हवा कमी करूंच नये.

मोठा धोंडा आला कीं तो दोन चाकांच्या मध्यें घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. चाक धोंड्याच्या माथ्यावर घातलें म्हणजे पोट उंच राहतें. धोंडा मध्यें घेतला तर तो इंजिनाचें चेंबर फोडतो. चालकाला चाकें दिसत नाहींत, म्हणून एका माणसानें पुढें उभें राहून हातानें खूण करावी, आणि त्या वेळीं इतर सर्वांनीं गप्प राहावें. चार तोंडांनीं चार सूचना दिल्या म्हणजे गाडी कलंडते. चढणाऱ्या गाडीच्या खालच्या बाजूस कोणीही उभें राहूं नये, आणि ताणलेल्या दोराजवळ तर मुळींच नको; तुटलेला दोर चाबकासारखा येतो. घाटांतील गाडीवान बैलगाडी थांबतांच चाकाला उटी लावीत. तो नियम आजच्या गाडीलाही लागू आहे.

सामान थोडें पण नेमकें असावें: प्रत्येक गाडीस स्टेपनी, जॅक व त्याखालीं घालावयास लांकडी पाट, ओढण्याचा पट्टा, फावडें, पाने, विजेऱ्या आणि औषधांची पेटी. गोव्याच्या जंगलांत विंच झाडाला अडकवितां येतो. जिंतूरच्या उघड्या माळावर तसें झाड मिळेलच असें नाहीं, म्हणून येथें दुसरी गाडी हाच खरा आधार. गाडींत मनास येईल तसे फेरफार करणें १९८८ च्या मोटार कायद्यास धरून नाहीं, हेंही हौशी मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

सर्वांत महत्त्वाचें सामान पाणी. बारा माणसांना पिणें, स्वयंपाक व हातपाय धुणें यांसाठीं दर दिवशीं माणशीं आठ लिटर धरलें तर दोन दिवसांस १९२ लिटर होतात. वर पन्नास लिटर राखीव. वीस लिटरांचे तेरा डबे ही भरती घरूनच न्यावी, आणि ती टपावर न ठेवतां गाडीच्या मध्यभागीं, तळाशीं बांधावी. टपावरचें ओझें गाडीला आडवें करतें. वाटेंतील गांवच्या विहिरीवर भरून घेऊं, हा विचार मनांतही आणूं नये. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें. ज्या प्रदेशांत घागरीसाठीं बायकांना कोस कोस चालावें लागलें आहे, तेथें हौसेखातर आलेल्यांनीं विहिरींत दोर सोडणें शोभत नाहीं.

मुक्कामाची जागा दिवसाउजेडीं निवडावी. दुपारीं चारनंतर नवा चढ घेऊं नये. डिसेंबरांत सहाच्या सुमारास दिवस मावळतो. नाळेच्या पात्रांत किंवा सुट्या दरडीखालीं तंबू ठोकूं नये. मालकाची संमति असेल तर उघड्या मातीवर, भोंवतालचें वाळलेलें गवत काढून लहानशी शेकोटी करावी, आणि निजण्यापूर्वीं ती पाण्यानें पुरती विझवावी. दगडांच्या कपारींत विंचू, फुरसें, घोणस असतात. रात्रीं विजेरीवांचून पाऊल टाकूं नये व सकाळीं जोडे झटकून घालावे. सर्पदंश झालाच तर जखम कापणें, चोखणें, आवळून बांधणें हे जुने उपाय घातक आहेत. रोग्याला निश्चल ठेवून थेट इस्पितळांत न्यावें. म्हणून एक गाडी रात्रभर सडकेकडे तोंड करून, वाट मोकळी ठेवून उभी असावी. जिंतूरचें सरकारी रुग्णालय व परभणीचें जिल्हा रुग्णालय यांचे दूरध्वनि आणि १०८ हा आंकडा प्रत्येकाजवळ कागदावर लिहिलेला हवा. डोंगरांत मोबाईल लागेलच असें नाहीं.

वेळापत्रक सुटसुटीत असावें. शनिवारीं सहाला परभणी सोडली तर आठच्या आंत जिंतूरला पोहोंचून टाकी भरतां येते. नऊला माळ, चारला मुक्काम. रात्रीं पिठलें, भाकरी, ठेचा. आणि शेतकऱ्यानें आपल्या वावरांतला हुरडा दिला तर त्याची किंमत न विसरतां द्यावी. रविवारीं दुपारीं बाराला गाड्या डांबरी सडकेवर असाव्या. निघण्यापूर्वीं माणसांचीं नांवें, गाड्यांचे क्रमांक, जागेची खूण आणि परतीची वेळ लिहिलेला एक कागद घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातीं द्यावा. सायंकाळीं सातपर्यंत निरोप आला नाहीं तर कोणाकडे विचारावें, तेंही त्यावर असावें. या एका कागदानें घरच्यांचा घोर निम्मा होतो, आणि अडचण आलीच तर शोध चुकत नाहीं.

शेवटची फेरी गाड्यांनीं नव्हे, पायांनीं मारावी. शेकोटीची राख, कागद, बाटल्या, तेलाचा थेंब पडलेली माती, सर्व उचलून घ्यावें; बांधावरचा निसटलेला दगड जागच्या जागीं बसवावा; ढोरांसाठीं लावलेली कांटेरी झांप पुन्हा ओढून घ्यावी. कातळ चढल्याची बढाई चार दिवसांत विसरते. पण पुढच्या वर्षीं तोच शेतकरी "या, माळ रिकामाच आहे" म्हणतो कीं नुसताच मान हलवितो, यावरून त्या दोन दिवसांची आंखणी बरोबर होती कीं नव्हती हें समजतें. आणि पुढें येणाऱ्या दुसऱ्या मंडळींना तें रान मोकळें राहतें कीं नाहीं, हेंही त्यावरच अवलंबून असतें.