जिंकलेल्या दाव्याचं बिल

समजा, अमेरिकेतल्या एका छायाचित्रकाराचा फोटो एका कंपनीने न विचारता जाहिरातीत वापरला. त्याने फेडरल कोर्टात दावा लावला. तिसऱ्या महिन्यात कंपनीच्या वकिलाचं एक पानी पत्र आलं : आजवरच्या खर्चासकट १५,००० डॉलरचा हुकूमनामा तुमच्या बाजूने होऊ द्यायला आम्ही तयार आहोत, चौदा दिवसांत कळवा. छायाचित्रकार भडकला, पत्र बाजूला पडलं. दोन वर्षांनी ज्युरीचा निकाल लागला, त्याच्याच बाजूने : ९,००० डॉलर. तोवर वकिलाचं बिल ८४,०००वर गेलेलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

‘आता तुमची फी कंपनीकडूनच वसूल करा,’ असं त्याने वकिलाला सांगितलं, की ते जुनं पत्र फायलीतून बाहेर येतं.

अमेरिकेत जिंकलं तरी वकिलाची फी ज्याची त्याने भरायची, हा एरवीचा रिवाज. कॉपीराइट कायद्याचं ५०५वं कलम त्याला अपवाद आहे. जिंकलेल्या पक्षाला वाजवी वकीलफी ‘खर्चाचा भाग म्हणून’ देववण्याची मुभा ते न्यायाधीशाला देतं. (कृतीची नोंदणी वेळेत, म्हणजे साधारणपणे नक्कल होण्याआधी, झालेली हवी, नाहीतर वादीपुरता फीचा विषयच संपला.) ‘खर्चाचा भाग म्हणून’ हे तीन शब्द लिहिणाऱ्यांना पुढे काय होणार याची कल्पना असेल, असं मला वाटत नाही.

कारण दिवाणी कामकाजाच्या नियमांतला ६८वा नियम १९३८पासून सांगत आलाय : प्रतिवादीने रीतसर देऊ केलेली रक्कम वादीने नाकारली आणि त्याच्या पदरात पडलेला हुकूमनामा तिच्याहून सरस नसला, तर प्रस्तावानंतरचा ‘खर्च’ वादीच्या माथी. वर्षानुवर्षं या नियमाला कुणी फारसं विचारत नव्हतं. खर्च म्हणजे कोर्टफी, नकला, साक्षीदारांचे भत्ते. त्या चिल्लरीला कोण भिणार?

१९८५ साली नियमाला दात फुटले. मॅरेक विरुद्ध चेस्नी हा खटला कॉपीराइटचा नव्हता. पोलिसांच्या गोळीने मेलेल्या मुलाच्या बापाचा होता. पोलिसांनी खर्चासकट १ लाख डॉलर देऊ केले, बापाने नाकारले, ज्युरीने ६०,००० दिले. प्रस्तावाच्या दिवसापर्यंतची फी आणि खर्च ३२,०००. दोन्ही मिळून ९२,०००, म्हणजे लाखाच्या आतच. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ज्या कायद्याने वकीलफी खर्चातच मोजली आहे, तिथे ६८व्या नियमातल्या ‘खर्चा’तही ती आलीच. प्रस्तावानंतरची सगळी फी बुडाली. आणि कॉपीराइटचा कायदा नेमका तसाच लिहिलेला.

आता आपल्या छायाचित्रकाराचा हिशेब. पत्र आलं त्या दिवशीचं बिल, समजा, ४,०००. त्यात ज्युरीचे ९,००० मिळवले की १३,०००. प्रस्ताव १५,०००चा होता. दोन हजारांनी ८०,००० गेले, शिवाय कंपनीचा नंतरचा कोर्टखर्च त्याच्या बोकांडी. कंपनीने १२,०००च देऊ केले असते, तर तो सुटला असता. पण तेच १२,००० ‘खर्चाव्यतिरिक्त’ असते, तर ९ विरुद्ध १२ अशी तुलना होऊन पुन्हा अडकला असता. पत्रातला आकडा सगळेच वाचतात. ‘सकट’ की ‘व्यतिरिक्त’ हे वाचण्यासाठी वकील लागतो.

कंपनीच्या वकिलाची फीसुद्धा त्यानेच द्यायची का? इथे कोर्टांत एकमत नाही. १९९७ साली जॉर्डन विरुद्ध टाइम या खटल्यात अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ‘हो’ म्हटलं. फी जिंकलेल्याचीच असते आणि थोडं का होईना वादी जिंकलाय, असं म्हणून इतर काही कोर्टांनी ते मानलं नाही.

यातली विचित्र गोष्ट म्हणजे जो वादी साफ हरतो, त्याला हा नियम लागूच होत नाही. वादीच्या बाजूने हुकूमनामाच नाही, तर तुलना कशाशी? हे १९८१मध्येच ठरलंय, डेल्टा एअरलाइन्सने ४५० डॉलर देऊ केलेल्या खटल्यात. अर्थात कॉपीराइटमध्ये हरलेल्याला तेवढ्याने सुटका नाही. गायक जॉन फोगर्टीवर त्याच्याच जुन्या गाण्याची नक्कल केल्याचा दावा झाला. जुन्या गाण्याचे हक्क दावा लावणाऱ्या कंपनीकडे होते. साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून दाखवत तो जिंकला. मग १९९४मध्ये सुप्रीम कोर्टाने फीसाठी वादी-प्रतिवादींना एकच माप लावलं, आणि अखेर त्याला १३ लाख डॉलरांहून जास्त फी मिळाली.

इंग्लंडची तऱ्हा मला जास्त पटते. तिथे प्रस्ताव वादीही देऊ शकतो, आणि निकाल लागेपर्यंत न्यायाधीशाला त्याचा पत्ता नसतो.

आपल्याकडे कॉपीराइटचे बहुतेक दावे आता व्यापारी वादांत मोडतात. २०१५च्या कायद्याने अशा वादांपुरतं दिवाणी प्रक्रिया संहितेचं ३५वं कलम बदललं : खर्चाचा हुकूम करताना एका बाजूने वाजवी तडजोड देऊ केली होती का आणि दुसरीने ती विनाकारण नाकारली का, हे कोर्टाने पाहायचं. इथे अमेरिकेसारखं वजाबाकीचं गणित नाही. ‘वाजवी’ काय ते न्यायाधीशच ठरवणार. पण पाहायला काहीतरी समोर हवं. तातडीचा मनाईहुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि तिथलं बोलणं गोपनीय असतं. खर्चाच्या दिवशी दाखवायचा प्रस्ताव त्या खोलीबाहेर, वेगळ्या पत्रावर द्यावा लागतो, आणि खर्चाच्या मुद्द्यावर हे पत्र कोर्टाला दाखवण्याचा हक्क राखून ठेवल्याचं त्यातच लिहिलेलं बरं.