कोणतं चांदूर?

आमच्या वऱ्हाडातल्या बऱ्याच नद्या वर्षातले आठ महिने नावालाच नद्या असतात. पात्रात गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात, आणि नवखा पाहुणा पुलावरून जाताना विचारतो, ‘एवढा मोठा पूल कशासाठी बांधला?’ उत्तर जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री मिळतं. गाविलगडच्या डोंगरात धो धो पाऊस होतो आणि खाली सपाटीवर, जिथे थेंबही पडलेला नसतो, तिथल्या माणसाच्या दारात पाणी येतं. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदी मोवाडमध्ये शिरली आणि २०४ माणसं गेली. मोवाड नागपूर जिल्ह्यातलं, नरखेड तालुक्यातलं. पण आमच्या वरुडला लागून, दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं. त्या दिवसाचं नाव काढलं की या भागातली वयस्कर माणसं अजूनही बोलता बोलता गप्प होतात.

अमरावतीचे माझे एक स्नेही आहेत. वीज खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले आणि परवानाधारक हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्यातले. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या जुन्या जीपमध्ये बिनतारी संच बसवायचं ठरवलं. मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, आता खेड्यातल्या पोराच्या हातातही मोबाइल आहे. हा खटाटोप कशाला?’ ते म्हणाले, ‘पाणी डोंगरात पडते न मरते सपाटीवरचा माणूस. मधात दोन-चार घंटे असतात. त्या घंट्यांत टॉवर बंद पडला तं?’

टॉवर बंद पडतो, हे खरंच आहे. त्याला वीज लागते. वीज गेली की बॅटरी आणि जनरेटर काही तास तारून नेतात, मग तोही मुका होतो. टॉवर उभा असला तरी सगळे एकाच वेळी फोन करू लागले की कोणाचाच लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईसारख्या मुंबईतही माणसं हातातला फोन पाहत कमरेएवढ्या पाण्यात चालत होती. हॅमच्या संचाला टॉवर लागत नाही. एक संच, एक बॅटरी, एक अँटेना इकडे आणि तेवढंच तिकडे. मध्ये फक्त हवा.

हा छंद आपल्याकडे तसा जुना. राजीव गांधीही परवानाधारक हॅम होते. त्यांचं संकेतनाव ‘व्हीयू टू आरजी’. पण छंदाची खरी परीक्षा संकटात होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाचा शीण उतरलाही नव्हता तेव्हा किल्लारीची जमीन हादरली, आणि मदतीला धावलेल्यांत हॅमही होते. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात आणि २००१ च्या भुजच्या भूकंपात ते होतेच. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या चमूसह हौसेनं पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती. २६ तारखेला त्सुनामी आली. हौस तिथेच थांबली आणि त्याच संचावरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले.

तर आमच्या स्नेह्यांची जीप. एका कामासाठी अकोल्याला गेलो होतो, तिथेच एका ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ती उभी केली. पोरगा हुशार होता. म्हणाला, ‘काका, फ्यूज बॉक्समधूनच कनेक्शन देऊन टाकू न. टेपवाले सारे तसंच करतात.’ हे म्हणाले, ‘टेप गाते बाबू, हे बोलते. बोलाले करंट जास्त लागते.’

ते अक्षरशः खरं होतं. ऐकत बसलेला संच अर्धा-एक अँपिअरवर भागवतो. पण ५० वॅटवर बोलू लागला की दहा-बारा अँपिअर ओढतो, म्हणजे दोन्ही हेडलाइट लावल्याइतके. सिगारेट लायटरची बारीक तार त्याला पुरत नाही. वाटेतच दाब पडतो आणि आवाज तुटक जातो. म्हणून जाड तार थेट बॅटरीपासून आणायची, शक्य तितक्या जवळच्या वाटेनं. फ्यूज बसवायचा तो संचाजवळ नव्हे, बॅटरीजवळ. कारण इंजिनाकडून आत येताना तार पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी बूच नसलं तर खड्ड्याखड्ड्यांनी तिचं आवरण घासतं, आणि एक दिवस उघडी तार पत्र्याला टेकते. फ्यूज आधी असेल तर तो जातो. नसेल तर गाडी जाते. नव्या गाड्यांत एअरबॅगच्या वाटेत काही येणार नाही, हेही बघावं लागतं. आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असल्यानं कंपनीच्या पुस्तकात पाहूनच तारा जोडाव्या लागतात.

अँटेना टपाच्या मधोमध. १४५ मेगाहर्ट्झला साधी पाव तरंगलांबीची काडी अर्ध्या मीटरच्या आसपास भरते. टपाचा लोखंडी पत्रा तिचा जोडीदार असतो, म्हणून कडेला लावली तर एका दिशेला कमी ऐकू येते. शेवटी मीटर लावून पाहायचं, की पाठवलेली शक्ती बाहेर जाते की परत संचाकडे येते. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम.

पण हे गाडीतच का? घरातला संच बरा नव्हे का? याचं उत्तर आमच्या भूगोलात आहे. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. सपाटीवर गाडीतून गाडीत वीस-पंचवीस किलोमीटर गाठले तरी पुष्कळ. मध्ये टेकडी आली की तेही नाही. चिखलदरा मात्र सपाटीपेक्षा कितीतरी वर आहे. तिथल्या कड्यावर उभी असलेली गाडी दूरवरच्या सपाटीचं ऐकू शकते आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगू शकते. घर उचलून टेकडीवर नेता येत नाही. गाडी नेता येते.

इथवर विजेचं शास्त्र झालं. त्यापुढचा भाग मला अधिक ओळखीचा वाटला, कारण तो बँकेतला होता. आमच्या नोकरीच्या काळात तारेनं पैसे पाठवायचे, टीटी म्हणायचे त्याला. तारेत रकमेबरोबर एक गुप्त आकडा असे. तो जुळला नाही तर समोर कितीही ओळखीचा, कितीही अडलेला माणूस असो, पैसे देता येत नसत. तार आली म्हणजे खरी असं नव्हे. तपासली म्हणजे खरी. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली, पण ती सवय हॅम मंडळींत जिवंत आहे. निरोपाला क्रमांक, वेळ, पाठवणारा, घेणारा. घेणाऱ्यानं तो शब्दशः परत वाचून दाखवायचा, मग पाठवणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं.

आपल्या मराठीत तर याची फारच गरज. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ कसे वेगळे करणार? म्हणून ‘पाच-नऊ’, ‘सहा-नऊ’ असे आकडे सुटे सांगायचे. गावांच्या नावांची तर मौजच. ‘चांदूरला बोट पाठवा’ असा निरोप आला, तर कोणतं चांदूर? रेल्वे की बाजार? दोन्ही अमरावती जिल्ह्यातली, दोन्ही तालुक्याची गावं. एक उत्तरेला, दुसरं आग्नेयेला. नांदगाव म्हणाल तर पेठ की खंडेश्वर? अंजनगाव म्हणाल तर सुर्जी की बारी? एरवी हे एसटी स्टँडवरचे विनोद आहेत. पुराच्या रात्री बोट भलत्याच चांदूरला पोचली तर त्यात हसण्यासारखं काही उरत नाही.

निरोप कोणाचा, हाही प्रश्न आहेच. १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांनी त्याची मर्यादा फार विचारानं घातली होती. एरवी हॅमनं तिसऱ्याचे निरोप पोचवायचे नाहीत. नैसर्गिक आपत्तीत नेहमीची साधनं बंद पडली, तर जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे, अधिकाऱ्यांसाठीचे निरोप पोचवता येतील. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे सरकारी वाटलं. विचार केल्यावर पटलं. पुराच्या रात्री ‘धरण फुटलं’ हे दोन शब्द पाण्यापेक्षा वेगानं धावतात आणि लोक अंधारात पळत सुटतात. ज्याच्या गाडीत संच आहे, त्यानं ऐकलेलं सगळं बोलायचं नसतं. तो पोस्टमन आहे. पत्र त्याचं नव्हे.

आमच्या स्नेह्यांनी आणखी दोन नियम स्वतःला घालून घेतले आहेत. गाडी चालवताना बोलायचं नाही. बोलायचं तर थांबून, नाहीतर शेजारी दुसरा माणूस हवा. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर कितीही मोठं काम असो, गाडी घालायची नाही. काळ्या मातीत रुतलेल्या स्वयंसेवकाला काढायला पुन्हा चार माणसं लागतात, आणि ती चार माणसं दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याची असतात.

त्यांची खंत एकच आहे. संच बसला, पण बोलायचं कोणाशी? एका गाडीचा रेडिओ म्हणजे एका हाताची टाळी. बारा वर्षांच्या मुलापासून परीक्षा देता येते असा तो जुना नियम. अमरावतीत १९६४ पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अकोल्यातही विज्ञान शिकणाऱ्या मुलांना तोटा नाही. परवाना मात्र हवाच. बिनपरवाना बोलणं हा गुन्हा आहे. परवाना घेतलेल्यांनी आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी हजेरी लावायची, एकमेकांचा आवाज ओळखीचा करून ठेवायचा. उन्हाळ्यात, आभाळ कोरडं असताना. पूर आल्यावर संच विकत मिळेल, तारही मिळेल. पलीकडच्या माणसाची सवय मिळणार नाही.

हल्ली रविवारी सकाळी त्यांना दोन आवाज उत्तर देतात. एक मुलगी अकरावीत आहे. ‘चांदूर’ म्हणून ती कधी थांबत नाही. ‘चांदूर, रेल्वे’ असं पूर्ण म्हणते आणि मग बटण सोडते.