मागची फ्रेम दिसू लागली तेव्हा

‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करायचे होते, तेव्हा दादासाहेब फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट करून दाखवला. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा जागचा हलू दिला नाही आणि रोज थोडेथोडे चित्रण केले. त्यात रोप आपले आपण वाढत होते. 1915च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये मात्र काड्या आपणहून हलणार नव्हत्या. त्या हाताने सरकवायच्या आणि मघाशी कुठे होत्या ते डोक्यात ठेवायचे. स्टॉप-मोशनवाल्यांची पुढची कित्येक दशके या ‘मघाशी’शी झुंजण्यात गेली.

पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 फ्रेम लागतात. एकेक पोझ दोन-दोन फ्रेम ठेवली तरी सेकंदामागे 12 वेळा बाहुलीला हात लावावा लागतो, आणि हात लावला की आधीची जागा गेली. कागदावर चित्रे काढणाऱ्यांचे त्या मानाने बरे होते. काचेखाली दिवा, खुंट्यांवर अडकवलेले पातळ कागद, त्यातून खालचे चित्र वर दिसायचे. बाहुलीच्या आरपार कोण पाहणार? रे हॅरीहाउसेनसारख्यांनी मग फिटरच्या टेबलावरचे सरफेस गेज उचलले. जड बैठक, उभा दांडा, त्याला फिरणारी सुई. सुईचे टोक बाहुलीच्या नाकाला टेकवायचे, नाक हलवायचे, मधली फट नजरेने मोजायची, गेज बाजूला घ्यायचे आणि फ्रेम मारायची. पण सुई सांगणार एकाच बिंदूचे. खांदा, कोपर, शेपूट यांचा हिशेब तोंडीच. ‘किंग काँग’मध्ये (1933) काँगच्या अंगावरचे केस उगाचच वळवळतात. दर फ्रेमला बोटे लागल्याची ती खूण आहे, आणि मला ती आवडते. त्या काळी गेज उचलायचे राहून गेले, तरी ते फिल्म धुऊन आल्यावरच कळायचे.

व्हिडिओ आल्यावर निम्मी वाट सोपी झाली. फिल्म कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला छोटा व्हिडिओ कॅमेरा जोडायचा आणि त्याचे चित्र मॉनिटरवर घ्यायचे. मग लोक मॉनिटरच्या काचेवरच मार्करने बाहुलीची कडा गिरवू लागले. जुन्या मॉनिटरची काच जाड असे. मान जरा कलली की रेषा बाहुलीवरून घसरायची, त्यामुळे एक डोळा मिटून, दर वेळी त्याच जागी डोके आणून बघावे लागे. पुढे फ्रेम साठवून ठेवणारी यंत्रे आली. बटण दाबले की साठवलेली फ्रेम, सोडले की समोरचे चालू चित्र. तरी अंतिम चित्रण फिल्मवरच होई. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ (1993) असाच फिल्मवर झाला.

2005चा ‘कॉर्प्स ब्राइड’ डिजिटल स्टिल कॅमेऱ्यांवर चित्रित झाला आणि फिल्म मागे पडली. गंमत अशी की त्यासाठी वापरलेल्या कॅननच्या कॅमेऱ्यांमध्ये लाइव्ह व्ह्यू नव्हता. फोटो उत्तम यायचा, पण तो काढण्याआधी समोर काय चाललेय ते पाहायला पुन्हा वेगळा व्हिडिओ कॅमेराच लागे. पुढच्या दोन-तीन वर्षांत डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू रुळला, यूएसबी केबलने तो लॅपटॉपवर आला आणि केलिरी बंधूंच्या ड्रॅगनफ्रेमसारख्या सॉफ्टवेअरने त्यावर मागची फ्रेम अर्धपारदर्शक करून पसरली. तेच आजचे ऑनियन स्किन. एक पट्टी एका टोकाला नेली की फक्त आधीचा फोटो, दुसऱ्या टोकाला नेली की फक्त आत्ताचे दृश्य, आणि मध्ये ठेवली की दोन्ही एकमेकांत मिसळलेले.

याचा खरा उपयोग हालचाल ठरवायला होतो असे सगळे सांगतात. मला विचाराल तर तो टेबलाला धक्का लागल्यावर होतो. कोपर लागते, बाहुली आडवी होते, ट्रायपॉडचा पाय सरकतो. पूर्वी अशा वेळी शॉट पहिल्यापासून करायचा. आता पट्टी मध्यावर आणायची आणि आधी सेटवरची न हलणारी वस्तू पकडायची, उदाहरणार्थ दाराची चौकट. तिला दोन कडा दिसत असतील तर कॅमेरा हलला आहे. ट्रायपॉड तसूतसूने ढकलत त्या दोन कडांची एक कड करायची. मगच बाहुलीला हात. तळवे, कंबर आणि सगळ्यात शेवटी डोके. हा क्रम उलटा केला की बाहुली चुकीच्या कॅमेऱ्याला जुळते आणि गोंधळ दुप्पट होतो.

उजेडाचे मात्र यातून कळत नाही. भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी घरच्या टेबलावर काम केले त्यांना ठाऊक असेल: व्होल्टेज पडले की पिवळा बल्ब मंदावतो, अर्धपारदर्शक चित्रात तो फरक लपतो आणि फिल्म चालवल्यावर अख्खा शॉट लुकलुकतो. लेन्सचेही तेच. तिचे अॅपर्चर दर फोटोला बंद होताना केसभर कमी-जास्त होते. म्हणून अॅपर्चरची कडी असलेल्या जुन्या मॅन्युअल लेन्सना अजून मागणी आहे. ज्यांच्याकडे तशी लेन्स नाही ते आहे ती लेन्स किंचित फिरवून तिचे संपर्क तोडतात, म्हणजे अॅपर्चर आहे तिथेच राहते.

आता हे सगळे फोनमध्ये आले आहे. मुले शाडूची माती घेऊन बसतात, दिव्याखाली ती वाळते आणि तडकते, मग कुणीतरी तेलातली क्ले आणून देते. ऑनियन स्किन त्यांना पाचव्या मिनिटाला जमते, आणि तिथेच एक नवी खोड लागते. मागची आकृती दिसते म्हणून दर वेळी तिच्यापासून तेवढ्याच अंतरावर पुढची मांडली जाते. चेंडू उडतो, पण रुळावरून चालल्यासारखा. वर जाताना मंदावत नाही, खाली येताना वेग घेत नाही. एकदम चार-पाच फ्रेमचे थर चालू केले की चूक निदान दिसते, कारण पडणाऱ्या चेंडूच्या आकृत्यांमधले अंतर वाढत जायला हवे. चेहऱ्याचे काम असेल तेव्हा मात्र मी थर बंदच ठेवायला सांगतो. मागची आणि चालू फ्रेम आलटून पालटून पाहिली की भुवई किती हलली ते अर्धपारदर्शक धुक्यापेक्षा चांगले कळते. व्हिडिओवाल्यांच्या त्या जुन्या बटणाला अजून तोड मिळालेली नाही.