नर्स घडवणारा देश आणि नर्स नेणारे देश

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांनी वाचून घ्या.

तारीख ८ डिसेंबर २०२०. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातलं हॉस्पिटल. मार्गारेट कीनन नावाच्या नव्वद वर्षांच्या आजींना कोविडची लस दिली गेली. चाचण्या सोडल्या, तर फायझरची लस घेणाऱ्या त्या जगातल्या पहिल्याच. तो फोटो तेव्हा सगळीकडे फिरला होता, तुम्हीही पाहिला असेल. पण सुई कोणाच्या हातात होती? ती नर्स होती मे पार्सन्स. मूळची फिलिपिन्सची, आणि तेव्हा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तिला २४ वर्षं झाली होती.

म्हणजे बघा, नर्स घडली एका गरीब देशात आणि तिची सेवा मिळाली एका श्रीमंत देशाला. यालाच आपण ‘ब्रेन ड्रेन’ म्हणतो. गंमत म्हणजे हा शब्द आधी गाजला तो ब्रिटनमध्येच. १९६३ साली तिथल्या रॉयल सोसायटीने अहवाल काढला होता, की आमचे शास्त्रज्ञ अमेरिकेकडे चाललेत. तेव्हा तक्रार करणारा ब्रिटन आज दुसऱ्यांच्या नर्स नेतो. पाणी उताराकडे वाहतं, तशी माणसं जास्त पगाराकडे जातात. मग प्रश्न उरतो तो हा, की यात चूक कोणाची? जाणाऱ्याची?

त्यासाठी आज फिलिपिन्सचीच गोष्ट बघू.

१८९८ मध्ये हा देश स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेला. अमेरिकनांनी तिथे नर्सिंगच्या शाळा काढल्या. अभ्यासक्रम अमेरिकन पद्धतीचा, भाषा इंग्रजी. त्यामुळे तिथे शिकलेली मुलगी अमेरिकेतल्या वॉर्डात उभी राहिली तरी तिला काम नवं वाटायचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने परदेशी लोकांना काही काळासाठी बोलावण्याची योजना आणली, आणि १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदाही बदलला. दार आणखी उघडलं.

पुढे १९७४ मध्ये फर्डिनंड मार्कोस यांच्या सरकारने माणसं परदेशी कामाला पाठवणं हे देशाचं धोरणच करून टाकलं. देशात नोकऱ्या नव्हत्या आणि सरकारला डॉलर हवे होते. आज परदेशातून घरी येणारा पैसा तिथल्या अर्थव्यवस्थेच्या साधारण ८ ते ९ टक्के आहे. घराचं छप्पर, भावाची फी, आईचं औषध, सगळं त्यातून चालतं. त्यामुळे ‘जाऊ नका’ असं सांगणं सोपं, पण ऐकणार कोण?

आता गोष्टीतला पहिला पेच. २००० नंतर अमेरिकेने नर्सेससाठी व्हिसा वाढवले. तुम्हाला वाटेल, झालं, देश रिकामा झाला! पण अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा उलटंच दिसलं. अमेरिकेला गेलेल्या प्रत्येक नर्समागे फिलिपिन्समध्ये साधारण ९ नव्या नर्स परवाना घेऊन तयार झाल्या. कारण सरळ आहे. अमेरिकेची आशा दिसली, की घरचे पोटाला चिमटा काढून मुलीला नर्सिंगला घालतात. कॉलेजं बहुतेक खासगी, फी घरच्यांच्याच खिशातून. आणि सगळ्यांना काही व्हिसा मिळत नाही, बाकीच्या मागे राहतात.

लाट इतकी मोठी होती की डॉक्टरही नर्सिंग शिकायला लागले. २००४ साली डॉक्टरकीच्या बोर्ड परीक्षेत देशात पहिल्या आलेल्या तरुणाने जाहीर केलं, मी अमेरिकेत नर्स म्हणून जाणार. केवढी चर्चा झाली त्यावर!

मग पेच कुठे आहे? मागे राहिलेल्या नर्सेसना काम कोणी दिलं? काही वर्षांतच अमेरिकेचे व्हिसा आटले आणि परवाना हातात घेऊन मुलं-मुली घरी बसली. कित्येकांनी अनुभवाचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून हॉस्पिटलमध्ये बिनपगारी काम केलं. काही ठिकाणी तर त्यासाठी उलट पैसे भरावे लागायचे. कोणी कॉल सेंटरला लागलं. सरकारी नर्सचा किमान पगार वाढवणारा कायदा २००२ मध्ये झाला होता, पण त्यासाठी पैसाच ठेवला गेला नाही. शेवटी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २०१९ मध्ये, आणि वाढीव पगार हातात पडायला २०२० उजाडलं. अठरा वर्षं!

म्हणजे देशात नर्स होत्या, वॉर्डात माणसं कमी होती, आणि मधली पगाराची खुर्ची गायब होती. हे दुखणं विमानतळावरचं नाही, घरातलं आहे.

तरीही कोविड आल्यावर सरकारने विमानतळच बंद करून पाहिलं. एप्रिल २०२० मध्ये नर्सेसना परदेशी जायला मनाई. नोव्हेंबरमध्ये ती उठवली, पण वर्षाला ५,००० नव्या नर्सेसचीच मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या कामगार खात्याने ब्रिटन आणि जर्मनीला सुचवलं, आम्हाला लस द्या, आम्ही ही मर्यादा सैल करतो. ब्रिटनने नकार दिला. ऐकायला कसंतरी वाटतं ना? पण ज्याच्याकडे लस नाही आणि नर्स आहेत, तो देश सौद्याला दुसरं काय ठेवणार?

आणि जे गेले त्यांचं सगळं सुखातच चाललं असंही नाही. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के. पण कोविडच्या पहिल्या काही महिन्यांत तिथे जेवढ्या नर्स गेल्या, त्यांत जवळपास एक तृतीयांश फिलिपिनो होत्या, असं तिथल्या नर्सेसच्या संघटनेने मोजलं.

दुसरीकडे २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या सरकारी हॉस्पिटल्समध्ये नर्सेसच्या साडेचार हजारांच्या आसपास जागा रिकाम्या होत्या. आरोग्य सचिवांनी उपाय सुचवला, बोर्डात थोडक्या मार्कांनी नापास झालेल्यांना तात्पुरता परवाना देऊ या. जे जातात ते बहुतेकदा अनुभवी असतात आणि ती जागा नवख्याने भरत नाही. नऊ नव्या नर्स तयार झाल्या तरी आयसीयूमध्ये दहा वर्षं काढलेली एक गेली, तर वॉर्डाला ते जाणवतंच.

मग उपाय? मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७०च्या दशकात एक कल्पना मांडली होती. परदेशी गेलेल्या तज्ज्ञांच्या कमाईवर थोडा कर लावा आणि तो पैसा गरीब देशांच्या विकासाला द्या. ती अमलात आली नाही. शिवाय फी घरच्यांनी भरली असेल तर मुलीकडूनच पुन्हा वसुली का, हाही प्रश्न आहेच. मला वाटतं, बिल नेणाऱ्या देशाकडे जायला हवं. त्याला शिकवण्याचा खर्च न करता तयार माणूस मिळतो.

हे अगदी हवेतलं नाही. जर्मनीची ‘ट्रिपल विन’ नावाची सरकारी योजना २०१३ पासून फिलिपिन्समधून नर्स घेते. त्यात नर्सकडून नोकरी लावण्याची फी घेत नाहीत, जर्मन भाषेचा खर्चही तिच्यावर नसतो. फिलिपिन्समधली कॉलेजं आणि हॉस्पिटलं सुधारायला यातून फार काही मिळत नाही, पण निदान हिशोबाची सुरुवात योग्य टोकाकडून झाली आहे.

हा विषय आपल्यापासून लांब नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तुमच्यापैकी कोणी जर्मन शिकतही असेल. जा, बिनधास्त जा. फक्त सही करण्याआधी विचारा, भाषेचा खर्च कोणाचा? एजंटची फी कोणाची? मधेच नोकरी सोडली तर दंड किती? आणि मागे राहणाऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, इथे नर्सच्या जागा किती, भरलेल्या किती, आणि पगार वेळेवर होतो का? माणसं टिकतात की नाही, ते या उत्तरांवर ठरतं.

तुमच्या घरातलं, गल्लीतलं कोणी असं गेलं असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात!