माहिती प्रणालीच्या विश्लेषणातील आकृतीपद्धती : सातबारा व फेरफार नोंदींच्या संदर्भात

प्रस्तावना

कोणतीही माहिती प्रणाली उभारण्यापूर्वी तिचा अभ्यास करावा लागतो. हा अभ्यास शब्दांत लिहून काढला तर तो लांबतो, संदिग्ध होतो आणि ज्यांच्यासाठी प्रणाली तयार होणार असते त्यांना तो वाचवत नाही. या अडचणीतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकृतींच्या साहाय्याने विश्लेषण व आराखडा करण्याच्या पद्धती विकसित झाल्या. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात त्या शिकविल्या जातात. परंतु उदाहरणे बहुधा ग्रंथालय, रुग्णालय किंवा बँक यांच्या पाठ्यपुस्तकी नमुन्यांपुरती मर्यादित राहतात. त्यामुळे आकृती ही परीक्षेत काढावयाची वस्तू आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो.

प्रस्तुत लेखात या पद्धतींचे स्वरूप ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वपरिचित माहिती प्रणालीच्या, म्हणजे गाव नमुना ७/१२ व फेरफार नोंदवहीच्या, आधारे स्पष्ट केले आहे. पाटणसारख्या डोंगरी तालुक्यात हे उदाहरण विशेष अर्थपूर्ण ठरते. येथील धारणा लहान आहेत, एका गटात अनेकांचे हिस्से आहेत, घरटी कोणी ना कोणी मुंबईत नोकरीस आहे आणि कोयना प्रकल्पाच्या भूसंपादन व पुनर्वसनाचे ठसे अनेक गावांच्या दप्तरात उमटलेले आहेत.

आकृतीपद्धतींचा थोडक्यात विकास

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टॉम डीमार्को यांनी, तसेच ख्रिस गेन व ट्रिश सार्सन यांनी, संरचित विश्लेषणाची मांडणी केली. तिच्या केंद्रस्थानी डेटा फ्लो डायग्राम, म्हणजेच माहिती-प्रवाह आकृती, होती. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी घटक-संबंध प्रतिमान मांडले. १९८४ मध्ये मॅकमेनामिन व पामर यांनी प्रणालीचे विभाजन बाहेरील घटनांच्या आधारे करावे, असे सुचविले. १९८७ मध्ये डेव्हिड हॅरेल यांनी अवस्था आकृतीला प्रगत रूप दिले. पुढे बूच, रम्बॉ व जेकबसन यांच्या पद्धतींच्या एकत्रीकरणातून युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजे यूएमएल, सिद्ध झाली व १९९७ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली.

या सर्व आकृती एकमेकींच्या स्पर्धक नाहीत. प्रत्येक आकृती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. माहिती कोठून येते व कोठे जाते, हे प्रवाह आकृती सांगते. प्रणालीने काय लक्षात ठेवावयाचे, हे घटक-संबंध आकृती सांगते. एखादी नोंद कोणकोणत्या स्थितींतून जाते, हे अवस्था आकृती दाखविते. कोणाला काय करण्याचा अधिकार आहे, हे यूएमएलमधील यूज केस आकृती स्पष्ट करते.

अभ्यासासाठी निवडलेली प्रणाली

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार प्रत्येक गावी अधिकार अभिलेख ठेवला जातो. गाव नमुना ७ मध्ये जमिनीवरील हक्क व गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. या दोहोंच्या एकत्र उताऱ्यास ‘सातबारा’ म्हणतात. हक्कात बदल झाला की त्याची नोंद प्रथम गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. हरकत आल्यास ती गाव नमुना ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. एका खातेदाराची त्या गावातील सर्व जमीन गाव नमुना ८-अ मध्ये एकत्र दिसते. तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) नोंद घेतो व मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. आता हे काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ई-फेरफार प्रणालीवर होते.

माहिती-प्रवाह आकृती

या आकृतीत चारच चिन्हे असतात : बाहेरील घटकासाठी चौकोन, प्रक्रियेसाठी वर्तुळ, साठ्यासाठी दोन समांतर रेषा आणि प्रवाहासाठी बाण. चिन्हे थोडी असल्यामुळे संगणकाशी परिचय नसलेला मनुष्यही ती वाचू शकतो, हेच या पद्धतीचे बळ होय.

सर्वप्रथम संपूर्ण प्रणाली एकाच वर्तुळात दाखवितात. फेरफार प्रणालीच्या या संदर्भ आकृतीत वर्तुळाभोवती खातेदार व वारस, दुय्यम निबंधक, बँक व सहकारी सोसायटी, भूमी अभिलेख कार्यालय आणि न्यायालय हे चौकोन येतात. वारसाकडून वर्दी येते, दुय्यम निबंधकाकडून नोंदणीकृत दस्ताची माहिती येते, बँकेकडून बोजाची सूचना येते. उलट दिशेने नोटिसा व उतारे जातात.

दुसऱ्या पातळीवर हेच वर्तुळ फोडले जाते. वर्दी स्वीकारणे, फेरफार नोंदविणे, हितसंबंधितांना नोटीस देणे, हरकतीवर निर्णय करणे, प्रमाणन करणे आणि सातबाऱ्यास अंमल देणे, अशा सहा प्रक्रिया दिसू लागतात. वरच्या आकृतीत जितके प्रवाह आत-बाहेर जातात तितकेच खालच्या आकृतीतही असले पाहिजेत, हा समतोलाचा नियम. ज्या प्रक्रियेत बाण केवळ आत जातात तिला पाठ्यपुस्तके ‘काळे विवर’ म्हणतात. ज्या प्रक्रियेतून बाण केवळ बाहेर पडतात तिला ‘चमत्कार’ म्हणतात. दप्तरात वर्दी जाते, पण पुढे काही बाहेर येत नाही, या अनुभवाला इतके नेमके नाव दुसरे नसेल.

डीमार्को यांनी आणखी एक भेद महत्त्वाचा मानला. चालू प्रणाली जशी दिसते तशी प्रथम रेखाटावी आणि मग तिच्यातून कागद, कपाट व कर्मचारी वजा करून केवळ मूळ कार्य उरेल अशी दुसरी आकृती काढावी. पहिली भौतिक, दुसरी तार्किक. गाव नमुना ८-अ हे याचे उत्तम उदाहरण होय. भौतिक आकृतीत ती स्वतंत्र नोंदवही आहे. परंतु तिच्यातील धारण क्षेत्र नमुना ७ वरून जुळवून मिळते. तार्किक आकृतीत ती साठा म्हणून उरत नाही, मागणीनुसार तयार होणारा उतारा ठरते. हाताने लिहिण्याच्या काळात दोन वह्या जुळत्या ठेवण्यासाठी श्रम पडत. तार्किक विश्लेषणाविना केलेले संगणकीकरण तेच श्रम संगणकात नेऊन ठेवते.

घटक-संबंध आकृती

सातबारा हा कागद आहे, घटक नव्हे. नवशिका विश्लेषक ‘सातबारा’ नावाचा एक तक्ता करतो व कागदावरील रकाने त्यात उतरवितो. चेन यांच्या पद्धतीने पाहिल्यास त्या कागदात निदान चार स्वतंत्र घटक दिसतात : व्यक्ती, गट, फेरफार आणि पीक. एका व्यक्तीची जमीन अनेक गटांत असू शकते आणि एका गटात अनेक व्यक्ती असू शकतात. हा अनेक-अनेक संबंध होय. यात ‘हिस्सा’ कोणाचा गुणधर्म आहे? तो व्यक्तीचा नाही, गटाचाही नाही. तो त्या दोघांमधील संबंधाचा आहे. एवढी एक गोष्ट आकृतीत नीट बसली की सामाईक खात्याविषयीचा बराच गोंधळ निवळतो.

दुसरा मुद्दा काळाचा आहे. सातबाऱ्यावरील जुने नाव खोडले जात नाही. त्यास कंस केला जातो व शेजारी फेरफार क्रमांक लिहिला जातो. म्हणजे या प्रणालीत विस्मरण नाही. आकृतीच्या भाषेत, व्यक्ती व गट यांच्या प्रत्येक संबंधाला तो निर्माण करणारा एक फेरफार आणि, संबंध संपला असल्यास, तो संपविणारा दुसरा फेरफार असतो. कागदावरील कंसाचे हे शहाणपण संगणकीय आराखड्यात उतरले नाही, तर मालकीची साखळीच तुटते.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. पुष्कळ जुन्या उताऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून एकाच भावाचे नाव आढळते. बहिणींची नावे कब्जेदार सदरी न घेता ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिण्याची रीतही अनेक ठिकाणी होती. ‘खातेदार’ या रकान्यात दिसणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष ‘हक्कदार’ हे एकच, असे गृहीत धरून तक्ता केला तर कागदावर निदान एका अक्षरसंक्षेपाने सूचित होणारा इतरांचा हक्क संगणकात पूर्णपणे अदृश्य होतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना सहदायाद म्हणून मुलांइतकाच हक्क मिळाला; तो नोंदविण्यास आराखड्यात योग्य जागा असणे हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनींवरील भोगवटादार वर्ग-२ हा शेराही असाच आहे. तो साधा शेरा म्हणून साठविला तर नजरेतून सुटेल. हस्तांतरणावरील निर्बंध म्हणून आराखड्यात बसविला तर प्रणाली स्वतःच परवानगीची विचारणा करील.

अवस्था आकृती व यूज केस आकृती

फेरफार नोंदीचे आयुष्य अवस्था आकृतीत स्पष्ट होते. नोंदविलेला, नोटीस बजावलेला, विवादग्रस्त, प्रमाणित, रद्द आणि अंमल दिलेला, या तिच्या अवस्था. संहितेच्या कलम १५० नुसार प्रमाणित झाल्याशिवाय नोंद अधिकार अभिलेखात उतरविता येत नाही; म्हणून ‘नोंदविलेला’ येथून ‘अंमल दिलेला’ येथे थेट बाण असता कामा नये. विश्लेषकाने प्रत्येक अवस्थेविषयी दोन प्रश्न विचारावेत : येथे पोहोचण्याचा मार्ग कोणता आणि येथून बाहेर पडण्याचा मार्ग कोणता? ‘विवादग्रस्त’ या अवस्थेतून बाहेर पडणारा बाण आकृतीत असतोच. पण तो किती मुदतीत ओलांडावयाचा, हे त्या बाणावर लिहिले नसेल तर प्रकरण तेथेच मुरते.

यूज केस आकृतीत तलाठी व मंडल अधिकारी या दोन भूमिका स्वतंत्र दाखवाव्या लागतात. जो नोंद घेतो तो ती प्रमाणित करीत नाही, हे या व्यवस्थेतील मूलभूत नियंत्रण होय. कामाच्या सोयीसाठी दोन्ही अधिकार एकाच लॉगिनवर आले, तर कायद्याचा एकही शब्द न बदलता कायद्याचा हेतू निष्फळ होतो.

घटना-सूची आणि न काढलेला बाण

आकृती जे दाखविते त्याइतकेच, ती जे दाखवीत नाही तेही पाहावे लागते. यासाठी मॅकमेनामिन व पामर यांची घटना-सूची उपयोगी पडते. अभिलेखातील सत्य कोणत्या घटनांनी बदलते, याची यादी करावी आणि प्रत्येक घटनेची वर्दी कोण आणतो, हे तिच्यापुढे लिहावे.

खरेदीखत झाले तर नोंदणी कार्यालयाकडून माहिती महसूल खात्याकडे येते. कलम १५४ मध्ये तशी तरतूद आहे आणि आता हे दोन्ही विभाग संगणकानेही जोडलेले आहेत. कर्ज घेतले तर बोजा नोंदविण्यात बँकेचे हित असते. न्यायालयाचा हुकूम पक्षकार घेऊन येतो. मृत्यूचे काय? मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायतीत होते. सातबारा त्याच गावच्या तलाठ्याकडे असतो. अनेकदा दोन्ही कार्यालये हाकेच्या अंतरावर असतात. तरीही एका साठ्यातून दुसऱ्या साठ्याकडे आपोआप जाणारा बाण मूळ रचनेत नाही. कलम १४९ नुसार हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी देण्याची जबाबदारी वारसावरच आहे. वारस मुंबईत असेल, भावांत एकमत नसेल अथवा विवाहित बहिणीला याची कल्पनाच नसेल, तर बाण सुरूच होत नाही. मृत व्यक्ती उताऱ्यावर जिवंत राहते. पीक कर्ज, नुकसानभरपाई, वाटणी या सर्व गोष्टी तेथे अडतात आणि एका पिढीचा विलंब पुढच्या पिढीत वारसांची संख्या वाढवून प्रश्न अधिकच जटिल करतो.

२०२५ मध्ये राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबविण्यात आली. मृत खातेदारांची गावनिहाय यादी करून वारसांच्या नोंदी घेणे, हे तिचे स्वरूप होते. आकृतीच्या भाषेत सांगावयाचे तर न काढलेला बाण मोहिमेच्या रूपाने हाताने काढला गेला. मोहीम साचलेले काम उपसते. परंतु पुन्हा साचू नये यासाठी तो बाण आराखड्यातच असावा लागतो. मृत्यूची नोंद होताच तलाठ्याकडे सूचना जाणे व तिच्यातून वारस चौकशी सुरू होणे, एवढी एक रेषा संदर्भ आकृतीत वाढविल्यास घटनेची वर्दी वारसाच्या इच्छेवर अवलंबून राहणार नाही. वारस कोण, हा निर्णय मात्र चौकशीनेच व्हावयाचा. तो बाणाने होत नाही.

मर्यादा

आकृती वस्तुस्थितीचे सरलीकरण करते. ‘नोटीस बजावली’ असा बाण काढला म्हणून नोटीस संबंधिताच्या हाती पडलीच असे नाही. तोंडी वाटणी, परस्पर संमतीची वहिवाट, बांधावरून चालत आलेला वाद या गोष्टी कोणत्याही चौकोनात बसत नाहीत. शिवाय, कार्यालयात बसून काढलेली आकृती नियम काय सांगतात तेवढेच दाखविते. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाकडून आणि उताऱ्यासाठी येणाऱ्या शेतकऱ्याकडून ती तपासून घेतली नाही, तर ती निर्दोष दिसूनही चुकीची असते. गावकऱ्यांसमोर अभिलेख वाचून दाखविण्याची चावडी वाचनाची जुनी प्रथा म्हणजे वापरकर्त्यांकडून केलेली अशीच तपासणी होय.

निष्कर्ष

माहिती-प्रवाह, घटक-संबंध, अवस्था व यूज केस या आकृती एकत्रितपणे वापरल्या तरच प्रणालीचे पूर्ण आकलन होते. फेरफार प्रणालीच्या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, कागदाचे नव्हे तर कागदामागील वस्तुस्थितीचे प्रतिमान करावे. दोन, जुन्या हस्तलिखित पद्धतीतील नियंत्रणे व स्मृती नव्या आराखड्यात जपावी. तीन, घटना-सूची करून न काढलेले बाण शोधावेत. कारण प्रणालीतील मोठे दोष बहुधा चुकीच्या रेषेत नसून नसलेल्या रेषेत असतात.

संगणकशास्त्र, वाणिज्य, अर्थशास्त्र व भूगोल या विषयांच्या अध्यापकांना विद्यार्थ्यांकडून हा प्रकल्प संयुक्तपणे करून घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याच घरचा उतारा व त्यावरील फेरफार घेऊन आकृती काढावी. विषयाचे आकलन तर होईलच. शिवाय घरातील कोणाचे नाव नोंदवावयाचे राहिले आहे, हेही त्या आकृतीतून दिसून येईल.