अब्बूंचा फोन, मुलीचा लॅपटॉप

दहावीचा निकाल लागला की जुन्या नाशकात फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांपुढे गर्दी होते. २०२५-२६ पासून तर साऱ्या राज्यात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झाला आहे. आम्ही शिक्षक मुलींना विचारतो, "पासवर्ड काय ठेवलास?" उत्तर येते, "दुकानवाल्या भाईंना माहीत." पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. अशा वेळी दुकान बंद असले तर? आणि यांतल्या कित्येकींच्या घरी भावाचा लॅपटॉप असतो. तो नेटला जोडलेला नसतो, एवढेच.

घरी ब्रॉडबँड नसले तरी अडत नाही. अब्बूंच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करावा, लॅपटॉपच्या पडद्यावर खाली उजवीकडच्या वायफायच्या खुणेवर क्लिक करून फोनचे नाव निवडावे, पासवर्ड टाकावा. नावच दिसत नसेल तर आधी एअरप्लेन मोड चुकून दाबला गेला आहे का ते पाहावे. पुष्कळदा कारण वेगळेच निघते. जुन्या लॅपटॉपला २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरी कळतात आणि नवा फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये २.४ निवडले की नाव दिसते. या लहरी भिंतींतूनही बऱ्या जातात. चौक मंडईकडच्या जाड भिंतींच्या घरांत ते कामाचेच.

जोडणी झाली, पण पान उघडत नाही? मग फोनचा मोबाइल डेटा तपासा. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' करून ठेवा, नाहीतर फॉर्म राहील बाजूला आणि दिवसाचा डेटा अपडेटच खाऊन टाकतील.

रेल्वे स्थानकावरचे किंवा हॉटेलातले फुकट वायफाय गाडीची वेळ पाहायला ठीक. तेच नाव देऊन कुणीही दुसरे नेटवर्क उभे करू शकतो, म्हणून आधार क्रमांक आणि पासवर्ड तिथे टाकू नयेत.

खरी अडचण मात्र यंत्राची नाही. अब्बू सकाळी कामावर जातात, त्यांच्यासोबत हॉटस्पॉट जातो आणि ओटीपीही. मुलगी दिवसभर लॅपटॉपसमोर नुसती बसून. आमचे मत विचाराल तर फॉर्ममध्ये नंबर अम्मींचा द्यावा आणि अम्मींच्या फोनमध्ये नेटचा रिचार्ज असावा. पासवर्ड मुलीनेच ठरवावा, वहीत लिहून ठेवावा. दुकानातून फॉर्म आधीच भरला असेल, तर आज रात्री घरी बसून तो बदलून घ्या.