मराठी नावांची प्रश्नचिन्हं का होतात?
समजा, नेरुळमधल्या तुमच्या सोसायटीला सभासदांची यादी मायएसक्यूएलमध्ये ठेवायची आहे. टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत 'मायएसक्यूएल -यू रूट -पी' टाइप करून पासवर्ड द्या. मग 'क्रिएट डेटाबेस सोसायटी' लिहा. शेवटी अर्धविराम हवाच, नाहीतर कमांड चालत नाही.

पण एंटर दाबण्याआधी आवृत्ती बघा. २०१८ मध्ये आलेल्या ८.० च्या आधी नवा डेटाबेस आपोआप 'लॅटिन१' अक्षरसंचात बनायचा. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे 'सावंत' हे नाव '?????' असं साठू शकतं. एकदा तसं साठलं की मूळ नाव परत मिळत नाही.

जुनी आवृत्ती असेल तर अर्धविरामाआधी 'कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' एवढं जोडा. मराठी नावं शाबूत राहतील, इमोजीसुद्धा!